‘आधीच आहे’

माझे वडील नाशिक रोडला नोटांच्या सरकारी छापखान्यात होते. तिथे संध्याकाळी सुटताना प्रत्येकाची झडती व्हायची आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. वडिलांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी आल्यावर ते आमची झडती घ्यायचे. दप्तर उघड, कंपास दाखव, हा खोडरबर कोणाचा. मला राग यायचा. पुढे मी कॉम्प्युटरच्या धंद्यात पडलो, लोकांचे सर्व्हर सांभाळू लागलो आणि तेच करू लागलो. फरक एवढाच की मी झडती घेतो हे समोरच्याला कळत नाही.

बायको म्हणते, देवळात गेल्यावर तुम्ही दोन चपला दोन ठिकाणी काढून ठेवता, देवाने तरी तुमच्यावर कसा विश्वास ठेवावा. चपला मी खरंच दोन ठिकाणी ठेवतो. आजवर एकही गेलेली नाही.

हे सांगायचं कारण, मी कॉम्प्युटरला कामाच्या सूचना देणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती आणि ती लिहिताना माझ्या डोक्यात तंत्रज्ञान कमी आणि संशय जास्त होता.

काम पंचवटीतलं. तिथे एक म्हातारे गुरुजी आहेत, तीर्थोपाध्ये. बाहेरगावाहून कोणी श्राद्धाला, अस्थी घेऊन आलं की गुरुजी आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग माडीवरून त्या गावाची वही खाली येते. त्यात त्या माणसाच्या आधी त्याच्या घरातलं कोण कोण गंगेवर, म्हणजे इथे गोदावरीवर, येऊन गेलं त्याचे लेख असतात. आलेला माणूस स्वतःच्या हाताने आपलाही लेख लिहितो. नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं, कशासाठी आलो. लाल बासनांत बांधलेल्या अशा वह्या भिंतभर आहेत. कागदाला कसर लागली होती, गुरुजींचा मुलगा पुण्याला नोकरीत, पुढे वह्या सांभाळणारं कोणी नाही. सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत सगळे लेख स्कॅन करून सर्व्हरवर ठेवायचे, असं गुरुजींनी ठरवलं आणि मला बोलावलं.

स्कॅनिंगला एक बाई आल्या. पस्तिशीच्या, मखमलाबादकडच्या, घरची फुलशेती. बी.कॉम. झालेल्या आणि आधी एका झेरॉक्सच्या दुकानात काम केलेल्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला सर. आपला लेख लिहिण्यापुरता सोडला तर या वह्यांना तोवर घराबाहेरच्या माणसाचा हात लागलेला नव्हता. गुरुजींचे भाऊबंद माडीवर येऊन म्हणाले, बाहेरच्या बाईच्या हातात वह्या देता, उद्या काही झालं तर? गुरुजी म्हणाले, “जबाबदारी माझी.” हे मी ऐकलं आणि स्कॅनरची वायर लावत बसलेल्या ताईंनीही ऐकलं.

नंतर एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या, “सर, आमच्या घरात फुलं तोडायचं सोडून कोणी काही केलं नव्हतं. सासरे तर लय सांगत फिरतात, आमची सून गुरुजींच्या वह्या वाचती म्हणून.” म्हणजे ते काम गेलं असतं तर पगार गेला असता, हे एक. पण कशापायी गेलं, ते गावात पोचायला बाजारातून परतणारा फुलांचा एक टेम्पो पुरे होता. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

माणूस दिवसभर स्कॅन करत बसला की एकच लेख दोनदा करणार, असं मी धरून चाललो होतो. म्हणून स्क्रिप्ट लिहिली. डेस्कटॉपवर एक चिन्ह. स्कॅन झालेल्या फाइली माउसने ओढून आणायच्या आणि त्या चिन्हावर सोडायच्या. मग एक काळी खिडकी उघडते आणि स्क्रिप्ट एकेका फाइलीबद्दल सर्व्हरला विचारते, या नावाची तुझ्याकडे आहे का? नसेल तर पाठवते. असेल तर ‘आधीच आहे’ असं लिहून ती फाइल सोडते आणि पुढच्या फाइलीकडे वळते. काळ्या खिडकीत देवनागरीचे नुसते चौकोन उमटायचे, म्हणून ते शब्द मी इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. फाइलीच्या नावात मोकळी जागा आली की स्क्रिप्ट एका माणसाचे चार तुकडे करायची. मग मी नियम केला, गाव, आडनाव, नाव, वडिलांचं नाव, मधे आडव्या रेघा, एकही जागा सोडायची नाही. जुने मोडीतले लेख गुरुजी वाचून दाखवायचे, ताई नाव टाइप करायच्या. ‘आधीच आहे’ म्हणून सोडलेल्या फाइली संध्याकाळी पुसून टाकायच्या, हाही माझाच नियम.

पहिल्याच आठवड्यात ताई म्हणाल्या होत्या, “सर, नावात साल पण टाकू का?” मी नको म्हटलं. काही लेखांवर शक, काहींवर संवत, काहींवर नुसती तिथी, कुठे घोळ घालत बसता. कमी शिकलेल्या माणसाला समजावतात त्या सुरात मी हे सांगितलं होतं.

स्क्रिप्टच्या प्रत्येक उत्तराची वेळेसकट नोंद होत होती आणि ती नोंद मी घरून बघू शकत होतो. ते मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी आंघोळीआधी मी ती नोंद वाचायचो. लोक पेपर वाचतात, मी ताईंचा कालचा दिवस वाचायचो. सुरुवातीला ‘आधीच आहे’ दिवसातून एखाददुसरं दिसायचं आणि मला बरं वाटायचं, स्क्रिप्ट कामाला आली म्हणून. मग खानदेशातल्या एका मोठ्या गावाची वही सुरू झाली आणि आकडा वाढला. दिवसाला सात. मग अकरा. एका गुरुवारी सतरा. ज्या बाईने मला सालाचं सुचवलं, इतकं जिचं लक्ष, ती एका दिवसात सतरा लेख दुसऱ्यांदा स्कॅन करेल? शक्यच नाही. इथवर माझा विचार बरोबर होता. त्यापुढे तो वाकडा गेला.

मी असं ठरवलं की ताई काम करतच नाहीत. गुरुजी समोर जपमाळ घेऊन बसलेले असतात, त्यांना काळ्या खिडकीत अक्षरं सरकताना दिसली की काम चाललंय असं वाटतं. तर या बाई जुन्याच फाइली पुन्हा पुन्हा ओढून टाकतात, अक्षरं सरकत राहतात, दिवस निघतो. हा तर्क मला इतका आवडला की मी तो बायकोला दोनदा सांगितला. ती म्हणाली, “कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं.” मी म्हटलं, तू नोंद बघ. ती म्हणाली, मला कुकर लावायचाय.

ताईंनी स्वतःहून मला सांगितलं होतं, तेही दोनदा. एकदा माडीवर गेलो असताना म्हणाल्या, “सर, हे ‘आधीच आहे’ म्हणतंय, पण हे पान मी आजच उघडलं.” मी म्हणालो, “ताई, सर्व्हर खोटं बोलत नाही.” दुसऱ्यांदा फोनवर, “सर, हा माणूस तो नाय वाटत. अक्षर येगळं हाय.” मी हं म्हटलं आणि मनात म्हटलं, खाई त्याला खवखवे. मी काहीच विचारलेलं नसताना या बाई खुलासे का देताहेत?

मग मी सापळा लावला. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला घरून नोंद उघडून बसलो आणि त्यांना फोन केला. काय चाललंय, ताई? म्हणाल्या, “पान चिकटलंय सर, सोडवतीये. आधीच्या चार फाइली टाकून ठेवल्यात.” माझ्यासमोर त्याच मिनिटाला चार ओळी सरकल्या. तीन ‘आधीच आहे’. मी फोन ठेवला आणि वेळ कागदावर लिहून घेतली. अकरा वाजून बारा मिनिटं.

त्या दिवशी त्या घरी गेल्यावर मी माझ्या घरून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो. त्यातही मी त्यांना विचारलं नाही. डी ड्राइव्हमध्ये, स्कॅनरच्या सीडीतून उतरवलेल्या फाइलींमध्ये, ‘न्यू फोल्डर’ या नावाचं एक फोल्डर होतं. मी पुसून टाकायला सांगितलेल्या फाइली तिथे होत्या. सगळ्या, पहिल्या दिवसापासूनच्या. मी खुर्चीत मागे टेकलो. मला आनंद झाला होता, हे लिहायला आज लाज वाटते, पण झाला होता. हाच तो साठा, यातूनच रोज ओढतात. ते फोल्डर मी पुरावा म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. एकही फाइल उघडून बघितली नाही. नावं बघितली, ती सर्व्हरवरच्या नावांशी जुळत होती, मला तेवढं बस झालं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या ‘आधीच आहे’ची यादी छापून गुरुजींसमोर ठेवली. ताई तिथेच बसल्या होत्या. मी आवाज चढवला नाही, माझा आवाज अशा वेळी फार सभ्य होतो. मंगळवारी अकरा वाजून बारा मिनिटं, असं वेळेसकट वाचून दाखवलं आणि शेवटी फोल्डरचं सांगितलं. गुरुजींनी विचारलं, “काय ग, खरं आहे का हे?”

ताई म्हणाल्या, “फाइली ठेवल्यात, ते खरं हाय. पुसायला हात होईना. माणसं वेगळी हायत, गुरुजी.”

मी म्हणालो, “नाव तेच, वडील तेच, आडनाव तेच, गाव तेच. मग वेगळी कशी?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या गप्प बसल्या. ते गप्प बसणंही मी यादीत धरलं. गुरुजींनी समोरची वही मिटली, बासनाची गाठ बांधली आणि म्हणाले, “आता श्राद्धाची गर्दी सुरू होईल. काही दिवस काम बंद ठेवू. पुढे कळवतो.” त्यांच्या घरात माणसाला असंच काढतात. ताईंनी पाण्याची बाटली आणि डबा पिशवीत घातला, गुरुजींना नमस्कार केला आणि जिना उतरल्या. संध्याकाळपर्यंत भाऊबंदांपैकी एकाने गुरुजींना ऐकवलं, आम्ही म्हणत नव्हतो? तेही मी ऐकलं आणि मला त्यात माझं कौतुक वाटलं.

श्राद्धाचा पंधरवडा उलटला, पण दुसरं माणूस ठेवायला गुरुजी तयार होईनात. म्हणाले, तुम्हीच करा. म्हणून आठवड्यातले तीन दिवस मी माडीवर बसू लागलो. स्कॅनिंग दिसतं तेवढं सोपं नाही. पान उचलताना कोपरा हातात येतो, काच सारखी पुसावी लागते, गुरुजी मोडी वाचताना मधेच त्या घराण्याची हकिगत सांगू लागतात. पहिल्या दिवशी माझ्या तेवीस फाइली झाल्या. ताईंच्या रोज साठ व्हायच्या. तेवीसवर मी थांबलो तेव्हा हा आकडा मनात आला आणि मी तो झटकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाच फाइली ओढून चिन्हावर सोडल्या. तिसरीला काळ्या खिडकीत आलं, ‘आधीच आहे’.

ते पान मी दहा मिनिटांपूर्वी माझ्या हाताने उघडलं होतं. आता तरी शहाणपण यावं की नाही? नाही आलं. मला वाटलं, बाई जाताजाता सुरुंग पेरून गेल्या. पुढची नावं आधीच टाइप करून, काहीतरी भलतंच चित्र त्या नावाने सर्व्हरवर चढवून ठेवलंय, मला तोंडघशी पाडायला. रंगेहाथ पकडायचं म्हणून मी सर्व्हरवरची ती फाइल उघडली.

बोरूने लिहिलेला मोडी लेख होता. कागद तपकिरी, एका कडेला कसरीची भोकं. आणि माझ्यासमोर वहीत निळ्या बॉलपेनने लिहिलेलं स्वच्छ देवनागरी. मी गुरुजींना दोन्ही दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पडद्यावरचा लेख वाचला, मग वहीतला वाचला आणि सहज म्हणाले, “हे आजोबा, हा नातू.”

आपल्याकडे आजोबा गेले की थोरल्या नातवाला त्यांचं नाव ठेवतात. त्या नातवाच्या मुलाला पुन्हा त्याच्या आजोबांचं. थोरल्या घरात दोनच नावं आलटून पालटून चालत राहतात. म्हणजे आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळंच्या सगळं नातवाचंही तेच. मी केलेल्या नियमाने दोघांची फाइल एकाच नावाची होत होती. आजोबा आधी सर्व्हरवर चढले होते, आणि नातू आला की माझी स्क्रिप्ट त्याला दारातून परत पाठवत होती. जी गावं ही चाल कडक पाळतात त्यांच्या वहीत आकडा चढणारच होता. स्क्रिप्ट फक्त नाव विचारत होती. आत कोण आहे ते उघडून बघत नव्हती. मीही बघितलं नव्हतं.

आणि मी स्वतः माझ्या आजोबांच्या नावाचा आहे. एकदा गावी सातबाऱ्याच्या कामाला गेलो तेव्हा तलाठी कागद बघून म्हणाला होता, तुम्ही तर वारलात ना. हा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत दहा वेळा सांगून लोकांना हसवलं असेल.

ताईंचं फोल्डर माझ्याकडे होतं. संशयी माणूस पुरावा पुसत नाही, एवढा एकच फायदा. त्यातल्या एकशे एकेचाळीस फाइली मी दोन दिवस एकेक उघडून सर्व्हरवरच्या फाइलींशी ताडून पाहिल्या. खरोखर दोनदा झालेले लेख होते चार. बाकी एकशे सदतीस वेगळी माणसं होती. ताईंनी माझा नियम पाळला असता तर ती पुसली गेली असती, आणि सगळं सर्व्हरवर चढलंय म्हणून मी वह्यांवर ‘पूर्ण’ असा शिक्का मारला असता.

गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली माळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, “तुम्ही यादी दाखवलीत, मी मान्य केली. वही माझ्या मांडीवर होती, उघडून बघायला मला काय झालं होतं? चूक माझीही आहे. पण आणायला तुम्ही जा.”

मी मोटरसायकल काढली. वाटेत माफीची वाक्यं जुळवली आणि पाटाच्या पुलावर विसरलो. ताई घरामागच्या शेडमध्ये सासऱ्यांबरोबर झेंडू क्रेटमध्ये भरत होत्या, ओली फुलं बाजूला काढत. सासऱ्यांनी मला ओळखलं नाही. “बसा,” म्हणाले आणि क्रेट उलटा करून दिला. ताईंनी मी कोण ते सांगितलं, तसे ते उठले आणि मळ्याकडे निघून गेले. म्हणजे टेम्पो पोचला होता.

मी सगळं सांगितलं. आजोबा, नातू, एकशे सदतीस. त्या फुलं निवडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मी सांगितलं होतं, सर.”

“हो. दोनदा.”

“तिसऱ्यांदा त्या दिवशी माडीवर.”

मी मान हलवली. म्हणालो, माझं चुकलं, गुरुजींच्या भाऊबंदांसमोरही मी हे बोलणार आहे, तुमच्या सासऱ्यांनाही आत्ता सांगतो. फाइलीच्या नावात साल येईल, आणि सालाचा पत्ता नसेल तिथे स्क्रिप्ट दोन्ही लेख पडद्यावर शेजारी शेजारी दाखवेल, एकच की वेगळे ते तुम्ही ठरवायचं. पुसायचं काही नाही. तुम्ही परत या.

त्यांनी एक क्रेट भरला, वर ओलं गोणपाट टाकलं. “अकरा वाजून बारा मिनिटं म्हणाला होता तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मी घरी येऊन लय विचार केला. मग समजलं, तुम्ही घरून बघता. माझ्या मशीनमधे पण शिरला होता.”

“हो.”

“यायचं म्हणलं तर यीन मी. वह्यांचं काम मला आवडतं. पण ते बघायचं बंद करा.”

“बंद केलंय. कालच. ती नोंदही काढून टाकली, तुमच्या मशीनमध्ये शिरायची वाटही.”

हे खरं होतं. ताईंनी हातातलं फूल क्रेटमध्ये टाकलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या.

“बंद केलं, ते मला कसं कळणार, सर?”

दाखवता येईल असं माझ्याजवळ काहीच नव्हतं. द्यायला होता तो नुसता शब्द, आणि त्यांचा शब्द मी तीनदा घेतला नव्हता.